उसनं नाव, शापलेली राजधानी: हित्ती लोक आले कुठून?

साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी, आजच्या तुर्कस्तानच्या मधोमध, अनित्ता नावाच्या राजाने हत्तुसा या शहराचा कायमचा निकाल लावायचं ठरवलं. शहरात उपासमार सुरू होईपर्यंत तो थांबला. मग एका रात्री आत घुसून त्याने ते घेतलं आणि त्या जागेवर तण पेरलं. तेवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा शाप दिला: माझ्यानंतर जो राजा हत्तुसा पुन्हा वसवेल, त्याच्यावर आकाशातला वादळदेव कोसळो.

शंभरेक वर्षं गेली. अनित्ताचा बाप ज्या कुस्सार गावचा राजा होता, त्याच कुस्सारचा आणखी एक राजा उठला, सरळ त्या शापलेल्या टेकडीवर गेला, तिथे राजधानी थाटली आणि स्वतःला हत्तुसिली, म्हणजे ‘हत्तुसाचा’, म्हणवून घेऊ लागला. पुढची साडेचारशे वर्षं तिथूनच हित्तींचं राज्य चाललं. शाप विस्मरणात गेला होता म्हणावं, तर तेही नाही. अनित्ताचा तो मजकूर आपल्याला मिळाला तो हत्तुसाच्याच दफ्तरात, तिथल्या लेखनिकांनी पिढ्यान् पिढ्या नकलून ठेवलेला. शाप फाईलला लावून ठेवायचा आणि राज्य त्याच जागेवरून करायचं!

हित्ती लोकांची मला वाटणारी सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. त्यांनी राजधानी दुसऱ्यांची घेतली, देशाचं नाव दुसऱ्यांचं घेतलं, देव घेतले, लिपी घेतली. पण घेतलेल्या वस्तूवरची मूळ मालकाची चिठ्ठी त्यांनी सहसा काढून टाकली नाही. म्हणूनच ते आले कुठून आणि मोठे कसे झाले, याचा माग आज काढता येतो.

आधी नावाचा घोळ

मध्य अनातोलियात (अनातोलिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) हित्तींच्या आधीपासून राहणाऱ्या लोकांचा देश होता हत्ती. (आपल्या हत्तीशी याचा काही संबंध नाही, पण मराठीत हा विषय वाचताना डोळ्यांसमोर सोंड आल्याशिवाय राहत नाही, हे मान्य.) त्या मूळ लोकांची भाषा पूर्णपणे वेगळ्या घराण्यातली होती. हित्तींनी त्यांच्या मुलखात राज्य उभं केलं, तरी देशाचं नाव बदललं नाही. स्वतःला ते ‘हत्ती देशाचे लोक’ म्हणत राहिले. मात्र आपल्या भाषेला ते ‘नेसिली’ म्हणत, म्हणजे नेसा गावची बोली. ‘हत्तिली’ हा शब्द त्यांनी त्या जुन्या लोकांच्या भाषेसाठीच राखून ठेवला होता.

मग ‘हित्ती’ कुठून आलं? बायबलमधून. मराठी बायबल वाचलेल्यांना उरीया हित्ती आठवेल, दावीद राजाने ज्याला लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मारवला तो. किंवा अब्राहामाला बायकोच्या दफनासाठी गुहा विकणारा एफ्रोन हित्ती. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांना हे नाव एवढंच माहीत होतं: पॅलेस्टाइनच्या आसपासची कुठलीशी किरकोळ जमात. १८३४ मध्ये शार्ल तेक्सिये हा फ्रेंच प्रवासी आजच्या बोआझकाले गावाजवळच्या प्रचंड अवशेषांत जाऊन उभा राहिला, पण आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे त्याला कळायचं काही साधनच नव्हतं. उत्तर मिळायला १९०६ साल उजाडावं लागलं. ह्यूगो विंकलर आणि थिओडोर मक्रीदी यांनी तिथे खणायला सुरुवात केली आणि मातीच्या पाट्यांचे हजारो तुकडे वर आले. त्यांत इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसशी झालेल्या तहाची प्रत होती. त्या तहाचा इजिप्शियन मजकूर देवळाच्या भिंतींवर कोरलेला आधीपासून ठाऊक होता. म्हणजे ही नुसती जमात नव्हती. फॅरोच्या बरोबरीने बसणाऱ्यांची ही राजधानी होती, हत्तुसा.

‘पाणी’ या शब्दाने केलेला घात

पाट्यांची लिपी वाचता येत होती, कारण ती मेसोपोटेमियाची कीलाकार लिपी होती. भाषा मात्र कळत नव्हती. आपल्याला मोडी वाचता येत असावी आणि त्या मोडीत कुणी हंगेरियन लिहून ठेवलेलं असावं, तसा प्रकार. ही भाषा इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या घराण्यातली असावी असं नॉर्वेच्या क्नुड्ट्झोनने इजिप्तमध्ये सापडलेल्या दोन पत्रांवरून १९०२ मध्येच सुचवलं होतं. त्यावर एवढी टीका झाली की तो मागे सरला.

१९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानाने एका वाक्यावर बोट ठेवलं. ते वाक्य असं: ‘नु NINDA-अन एझ्झात्तेनी वातार-मा एकुत्तेनी’. यातलं NINDA हे चिन्ह, ज्याचा सुमेरी उच्चार ‘निंदा’, त्याचा अर्थ ‘भाकर’ हे माहीत होतं. असली चिन्हं आकड्यांसारखी असतात: आपण ५ लिहून ‘पाच’ वाचतो, कानडी माणूस तेच चिन्ह बघून ‘ऐदु’ म्हणतो. भाकर आहे, तर शेजारी खाण्याचं क्रियापद असणार. ‘एझ्झा’ म्हटल्यावर त्याला जर्मन ‘एसेन’ आठवलं. आपल्याला संस्कृत ‘अद्’ आठवावं, ज्यापासून आपलं ‘अन्न’ झालं. आणि पुढे ‘वातार’! इंग्रजी येणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागू नये. संस्कृतात त्याचा भाऊबंद म्हणजे ‘उदन्’, ‘उदक’. ‘आता तुम्ही भाकर खाल, पाणी प्याल.’ एवढ्या साध्या वाक्याने जगातल्या सर्वांत जुन्या लिखित इंडो-युरोपीय भाषेचं कुलूप उघडलं.

त्यानंतर तर शब्दांची रांगच लागते. आकाश म्हणजे ‘नेपिस’, आपलं नभ. नवं म्हणजे ‘नेवा’. गुडघा म्हणजे ‘गेनु’, संस्कृतात जानु. ‘आहे’ म्हणजे ‘एस्झी’, संस्कृत अस्ति. आणि बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू: हित्तीत ‘युगन’, संस्कृतात ‘युग’, आणि त्याच ‘युग’चं झिजून झालेलं आपलं ‘जू’. हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. राजे, देव, सगळे गेले, पण बैल जुंपायचं लाकूड चार हजार वर्षं तेच नाव सांगतंय.

मात्र ‘हाडं’ या अर्थाचा शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. संस्कृतात अस्थी, हित्तीत ‘हस्ताई’. पुढे हा ‘ह’ का? त्याची गोष्ट अशी: १८७९ मध्ये फर्दिनां द सोस्यूर या एकवीस-बावीस वर्षांच्या पोराने निव्वळ आकडेमोड केल्यासारखं मांडलं होतं की, या सगळ्या भाषांच्या मूळ आईत काही ध्वनी होते, जे पुढे सगळ्या लेकींनी गमावले. पुरावा शून्य, कारण ते ध्वनी कुठल्याच ज्ञात भाषेत उरलेले नव्हते. १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश विद्वानाने दाखवून दिलं की, सोस्यूरने जिथे हरवलेला ध्वनी सांगितला होता, नेमक्या त्याच जागी हित्तीत ‘ह’ उभा आहे. संस्कृत आणि ग्रीकने जो टाकून दिला, तो यांनी जपला होता.

यावरून निघणारी गोष्ट मोठी आहे. हित्ती आणि तिच्या बहिणी, लुवियन आणि पालाई, या मूळ कुटुंबातून सर्वांत आधी वेगळ्या निघाल्या. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या शाखा फुटायच्या कितीतरी आधी. म्हणून ‘हित्ती म्हणजे आपल्या आर्यांचीच एक टोळी’ असं जे कुठेकुठे छातीठोकपणे लिहिलेलं असतं, ते चूक आहे. नातं आहे, पण ते खापरपणजीच्या बहिणीच्या घराचं.

मग आले कुठून?

जुन्या पुस्तकांतलं चित्र सोपं होतं: उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून घोडेस्वार आले, स्थानिकांना जिंकलं, राज्य स्थापलं. पुरातत्त्वाला असली स्वारी कुठे सापडत नाही. अमुक वर्षी सगळीकडे जळालेली गावं आणि लगेच वर नव्या लोकांची नवी भांडी, असा एक थर अनातोलियात दाखवता येत नाही.

हाडांतल्या डीएनएने आधी गोंधळ वाढवला. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा वारसा युरोपात आणि दक्षिण आशियात ठसठशीत दिसतो. पण २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात कांस्ययुगीन अनातोलियात तो जवळजवळ दिसलाच नाही. भाषा आली आणि माणसं आली नाहीत, असं कसं? २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने एक धागा दिला. कॉकेशस आणि व्होल्गाच्या खालच्या खोऱ्याच्या दरम्यान राहणारे लोक हे त्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचेही पूर्वज, आणि त्यांचाच एक प्रवाह, बहुधा पूर्वेकडून, अनातोलियात उतरला. मध्य अनातोलियातल्या कांस्ययुगीन माणसांत त्यांचा वाटा किमान एक दशांश निघतो.

एक दशांश! म्हणजे हे आक्रमण नव्हे. थोडी माणसं आली, मुरली, पिढ्यान् पिढ्या इथल्यांशी सोयरिकी झाल्या, भाषा मात्र टिकली आणि पसरली. हित्ती म्हणून जे लोक पुढे इतिहासात येतात, ते कुठून ‘आले’ म्हणण्यापेक्षा तिथेच ‘झाले’ म्हणणं जास्त बरोबर. आणि ते कुठे झाले, हे त्यांनी भाषेच्या नावातच लिहून ठेवलं आहे: नेसा.

गाढवांची पेठ

नेसाचं दुसरं नाव कानेश. आजच्या कायसेरी शहराजवळचं क्युलतेपे हे टेकाड म्हणजे ते गाव. १८८० च्या दशकापासून या भागातून मातीच्या पाट्या बाजारात यायला लागल्या होत्या. संशोधक येत, टेकाड खणत, हात हलवत परत जात. १९२५ मध्ये खुद्द ह्रोझ्नी तिथे गेला, त्यानेही टेकाडच खणलं, त्यालाही आधी काही मिळालं नाही. पाट्या निघत होत्या टेकाडाखालच्या शेतातून, आणि ते गावकऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. परक्याला सांगायचं कशाला, इतकंच. शेवटी ह्रोझ्नीला ती जागा कळली आणि हजारभर पाट्या हाती आल्या. आज हा आकडा वीस हजारांच्या पुढे आहे.

त्या पाट्या राजांच्या नाहीत, व्यापाऱ्यांच्या आहेत. टिग्रिसकाठच्या आश्शूर शहरातून व्यापारी हजारेक किलोमीटर चालत कानेशला येत. सहा आठवड्यांची वाट, आणि सगळा माल गाढवांवर. गाढवावर सत्तरेक किलो ओझं: बहुतांश कथील, शिवाय लोकरी कापड. कथील महत्त्वाचं, कारण तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील मिसळलं की कांसं होतं, आणि त्या काळात हत्यारं, अवजारं सगळं कांशाचं. अनातोलियात तांबं उदंड, चांदीही भरपूर. कथील मात्र आश्शूरकडे पूर्वेकडून येई. आश्शूरमध्ये एक शेकेल (हे त्या काळचं वजनाचं माप) चांदीला चौदा-पंधरा शेकेल कथील मिळायचं, तेच इथे एका शेकेलला सात. पैसे दुप्पट. परतताना न्यायची फक्त चांदी आणि सोनं, ते वजनाला कमी. तेव्हा गाढवंही इथेच विकून टाकायची!

व्यापाऱ्यांच्या वस्तीला ते ‘कारुम’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ धक्का, बंदर. पण कानेशला समुद्र नाही, तेव्हा आपण सरळ ‘पेठ’ म्हणू. स्थानिक राजा पेठेला संरक्षण देई, बदल्यात कापडाचा विसावा हिस्सा कर म्हणून घेई आणि वर आणखी दहावा हिस्सा आधी निवडून विकत घ्यायचा हक्क राखून ठेवी. कर आला की चोरवाट आलीच. आडवाटेने माल नेण्याला त्यांच्या पत्रांत ‘चिंचोळी वाट’ असा खास शब्द आहे. पुशू-केन नावाचा बडा व्यापारी असल्या मालाच्या भानगडीत सापडून तुरुंगात गेल्याचं एका पत्रात आहे. त्याची बायको लमासी मागे आश्शूरला राहून कापड विणवून पाठवत असे आणि पत्रातून हिशेब मागत असे. एका पत्रात ती नवऱ्याला सुनावते: तुम्ही गेल्यापासून शलिम-अहुमने दोनदा घर बांधलं, आपलं कधी? चार हजार वर्षांपूर्वीची मातीची पाटी आहे ही, लखोटाही मातीचाच.

आता यात हित्ती कुठे आहेत? या पत्रांच्या फटींत. भाषा आश्शूरची, पण कानेशमधल्या स्थानिक माणसांची नावं मधेच डोकावतात, आणि त्यांतली बरीच हित्ती घडणीची आहेत. दोन हित्ती शब्द तर व्यापाऱ्यांनी जसेच्या तसे उचलले: ‘इशिउल्लु’ म्हणजे करार, आणि ‘इश्पतल्लु’ म्हणजे रात्रीचा मुक्काम. कुठल्याही इंडो-युरोपीय भाषेचे कागदावर, चुकलो, मातीवर आलेले हे सर्वांत जुने शब्द. ना देवाचं नाव, ना वीराचं. करार आणि मुक्काम! परक्या गावात धंदा करणाऱ्याला आधी याच दोन गोष्टी लागतात.

त्या पेठेत घोडेवाल्या विजेत्यांचा रुबाब दिसत नाही. हत्ती, लुवियन, हुर्रियन, हित्ती, सगळ्या तऱ्हेच्या नावांची माणसं एकमेकांना कर्ज देतात, घरं विकतात, सोयरिकी करतात. आश्शूरचा व्यापारी घरी एक बायको असताना कानेशला दुसरी करतो.

हित्तींची स्वतःची एक जुनी कथा याच गावापासून सुरू होते. कानेशच्या राणीला एकाच वर्षात तीस मुलगे झाले. हे काय आक्रीत, म्हणून घाबरून तिने टोपल्या तुपातेलाने बुजवल्या, पोरं त्यांत ठेवली आणि नदीत सोडली. नदीने ती समुद्राकाठच्या झाल्पा देशाला नेली, तिथे देवांनी ती वाढवली. इकडे राणीला पुन्हा तीस मुली झाल्या, त्या तिने ठेवून घेतल्या. मुलगे मोठे होऊन गाढव हाकत परत निघाले आणि आईने न ओळखता त्यांना स्वतःच्याच मुली देऊ केल्या. धाकट्याने तेवढं ओळखलं. आपल्याला इथे कर्णाची पेटी आठवते, तुपाच्या कुंभांतले कौरवही आठवतात; पण मी जरा त्या गाढवाकडे बघतो. ज्या गावाचा सगळा बरकतीचा काळ गाढवांच्या पाठीवरून आला, त्याच्या कथेतले राजपुत्रही रथातून नव्हे, गाढव हाकतच घरी येतात.

बाप-लेक आणि एक लोखंडी सिंहासन

पेठेत पैसा साठला की आजूबाजूच्या राजांचे डोळे तिकडे वळतात. कुस्सारचा राजा पिठाना रात्री चालून आला आणि त्याने नेसा घेतलं. त्याच्या मुलाने, अनित्ताने, लिहवून घेतलेल्या मजकुरात एक लक्षात राहणारी ओळ आहे: नेसाच्या राजाला धरलं, पण लोकांना कसलाही त्रास दिला नाही, त्यांना ‘आई-बाप’ केलं. सोन्याची कोंबडी कापायची नसते, हे पिठानाला कळत असावं. अनित्ताने मग नेसालाच राजधानी केलं, तटबंदी बांधली, देवळं बांधली, आणि शिकारीतले सिंह, रानडुकरं वगैरे प्राणी गावात आणले.

त्याच्या एका शत्रूची ताकद तो सांगतो: १,४०० पायदळ आणि घोड्यांच्या ४० जोड्या. एवढ्याशा लढाया होत्या या. पुढे साडेचारशे वर्षांनी, इ.स.पू. १२७४ मध्ये इजिप्तशी झालेल्या कादेशच्या लढाईत हित्तींनी ३,५०० रथ आणल्याचं इजिप्तचे लेख सांगतात. फॅरोच्या भाटांनी फुगवलेला आकडा असेल असं धरून त्यातले निम्मे वगळले, तरी वाढ केवढी ते दिसतं.

पुरुषांदाच्या राजाने अनित्तापुढे मान तुकवली तेव्हा नजराणा आणला तो लोखंडी सिंहासन आणि लोखंडी राजदंड. लोखंड तेव्हा एवढं दुर्मीळ होतं की ते राजाला भेट द्यायची वस्तू होती. ‘हित्तींनी लोखंडी शस्त्रांच्या जोरावर जग जिंकलं’ हे शाळेत वाचलेलं वाक्य त्यामुळे विसरायला हरकत नाही. त्यांचं सैन्य कांशाचीच हत्यारं घेऊन लढलं. अनित्ता मात्र खरा होता: ‘अनित्ता राजाचा वाडा’ अशी अक्षरं कोरलेलं कांशाचं पातं क्युलतेपेत सापडलं आहे.

अनित्ताचं राज्य त्याच्यामागे फार टिकलं नाही. आश्शूरचे व्यापारी येईनासे झाले, पेठ ओस पडली आणि त्यांच्याबरोबर लिहिणंही अनातोलियातून गेलं.

हत्तुसाचा माणूस

इ.स.पू. १६५० च्या सुमारास हत्तुसिली आला. (इथली सनं अभ्यासकांत रूढ असलेल्या मध्यम कालगणनेची, दुसऱ्या कालगणनेने ती पन्नासेक वर्षं मागेपुढे सरकतात.) शापलेली जागा त्याने का निवडली, हे तिथला नकाशा बघितला की कळतं. कड्यांनी तोललेली उंच टेकडी, भरपूर जिवंत झरे, आसपास जंगल. किल्ल्यासाठी शिवाजी महाराजांच्या माणसांनी पसंत केली असती अशी जागा. हिवाळा मात्र जीवघेणा, आणि उत्तरेला कास्का टोळ्या कायम टपलेल्या.

हत्तुसिलीने मोर्चा दक्षिणेकडे, सीरियाकडे वळवला. कथील, व्यापारी रस्ते, श्रीमंत शहरं, सगळं तिकडे. आलालाख पाडलं. युफ्रेटिस नदी ओलांडली आणि गर्वाने नोंदवलं की अक्कडच्या सार्गोननंतर (मेसोपोटेमियाचा जुना, प्रसिद्ध सम्राट) हे मीच केलं. सार्गोनने हह्हुम शहराला धक्का लावला नव्हता, मी ते जाळलं आणि त्याच्या राजाला गाडीला जुंपलं. लिपीही याच सीरियाच्या मोहिमांतून आली असावी. हित्ती कीलाकार अक्षरांचं वळण आश्शूरच्या व्यापाऱ्यांसारखं नाही, उत्तर सीरियातल्या लेखनिकांसारखं आहे. लेखनिकच धरून आणले असतील तर नवल नाही.

सगळंच काही असं दिमाखात होत नव्हतं. उर्शू शहराच्या वेढ्याची एक हकीकत सापडली आहे, ती वाचताना हसू आवरत नाही. तट फोडायचा ओंडका सैनिकांनी मोडून ठेवला. राजा संतापला, त्याचा चेहरा काळवंडला. सगळे माझ्याकडे वाईटच बातम्या घेऊन येतात, वादळदेव तुम्हाला पुरात वाहून नेवो! वेढा असूनही शत्रूचे लोक शहरात येत-जात राहतात, आणि राजा पुन्हा अधिकाऱ्यांवर ओरडतो. ही हकीकत हित्तींनी स्वतःच जपून ठेवली.

पण हत्तुसिलीचा खरा मजकूर म्हणजे त्याचं मृत्युपत्र. कुस्सारमध्ये अंथरुणाला खिळलेला म्हातारा दरबार बोलावतो. बहिणीच्या मुलाला वारस केलं होतं, तो निघाला थंड काळजाचा. मामा आजारी पडला तर त्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. त्याची आई म्हणजे नागीण. म्हातारा भाच्याला बाजूला करतो आणि लहानग्या मुर्सिलीला वारस नेमतो. मग त्या पोराला सांगतो: माझा शब्द पाळलास तर भाकर खाशील, पाणी पिशील. तारुण्यात दिवसातून दोन-तीनदा खा, म्हातारपणी पोटभर पी, आणि तेव्हा हवा तर बापाचा शब्द बाजूला ठेव. ह्रोझ्नीच्या वाक्यातली तीच भाकर आणि तेच पाणी. मजकुराच्या अगदी शेवटी सगळा राजेपणा गळून पडतो. हस्तायार नावाच्या बाईला तो विनवतो: मला टाकू नकोस, मला नीट न्हाऊ घाल, मला उराशी धर आणि मातीपासून सांभाळ. लेखनिक बसला होता, त्याने तेही उतरवून घेतलं.

मुर्सिलीने शब्द पाळला, जरा जास्तच. हलब, म्हणजे आजचं अलेप्पो, पाडलं आणि इ.स.पू. १५९५ मध्ये हजारेक किलोमीटर खाली जाऊन थेट बाबिलोन लुटलं. कायद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हम्मुराबी राजाचं घराणं तिथेच संपलं. बाबिलोन ताब्यात ठेवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. लूट घेऊन घरी आला आणि मेहुण्याने, हंतिलीने, त्याचा खून केला.

खांद्यावरची हत्यारं उतरवून

पुढची काही दशकं वाचवत नाहीत. मेहुण्याने राजाला मारलं, मग जावयाने मेहुण्याच्या मुलाला आणि नातवंडांना, त्या जावयाला पुढे त्याच्याच मुलाने. जिंकलेला मुलूख एकेक करून निसटला. हा सगळा पाढा आपल्याला कळतो तो तेलिपिनू राजामुळे. इ.स.पू. १५०० च्या थोडं आधी गादीवर आलेल्या या राजाने फर्मान काढलं आणि त्याच्या सुरुवातीला आपल्याच घराण्याचं सगळं रक्त मोजून दाखवलं.

स्वतःवर उठलेल्यांना त्याने मारलं नाही. त्यांच्या खांद्यावरची हत्यारं उतरवली, खांद्यावर जू दिलं आणि त्यांना शेतकरी करून टाकलं. मग वारसाचा नियम घातला: पहिल्या दर्जाच्या राणीचा मुलगा राजा, तो नसेल तर दुसऱ्या दर्जाच्या बायकोचा, तोही नसेल तर पहिल्या दर्जाच्या मुलीला जो ‘अंतियंत’ नवरा करून दिला असेल, तो. अंतियंत म्हणजे बायकोच्या घरी राहायला आलेला. इतर भाषांत हे समजवायला अख्खं वाक्य खर्ची पडतं. आपण घरजावई म्हणून मोकळे होतो.

हित्ती कायद्यातही हाच सूर दिसतो. साधारण दोनशे कलमं, आणि त्यांत पुन्हा पुन्हा ‘पूर्वी असं होतं, आता असं आहे’. कुणी स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर पूर्वी चाळीस शेकेल चांदी द्यावी लागे, आता वीस. हम्मुराबीकडे याच गुन्ह्याला डोळ्याबद्दल डोळा. जुनं कलम खोडून नवं लिहिता आलं असतं. यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

देवांचंही तसंच. ‘हत्तीचे हजार देव’ असं ते स्वतःच म्हणत. अरिन्नाची सूर्यदेवी मूळच्या हत्ती लोकांची, तीच राज्याची मुख्य देवी झाली. पूजेच्या पाट्यांवर सूचना असते: ‘गायक हत्तिलीत गातो’. ती भाषा घराघरांतून केव्हाच उठून गेली होती, पण विधी तिच्यातच व्हायचा. लग्नातले मंत्र कळत नसताना हातात अक्षता धरून उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. हत्तुसाच्या दफ्तरात अशा किती भाषा आहेत? हित्ती, हत्ती, लुवियन, पालाई, हुर्रियन, अक्कडी, सुमेरी. २०२३ मध्ये त्यात आणखी एक निघाली, तोवर कुणालाच माहीत नसलेली: एका विधीच्या पाटीवर ‘आता कलाश्मा देशाच्या भाषेत’ अशी चिठ्ठी लावून पुढे मजकूर दिलेला.

याच दफ्तरात भारतीय वाचकाला दचकवणारी पाटीही आहे. इ.स.पू. १३४४ च्या आसपास सुप्पिलुलिउमा गादीवर आला आणि शंभर वर्षं सीरियावर दबदबा असलेलं मितान्नीचं राज्य त्याने मोडलं. मितान्नीचा परागंदा राजपुत्र शत्तिवाझा त्याच्या आश्रयाला आला, तेव्हा सुप्पिलुलिउमाने त्याला आपली मुलगी दिली, गादी परत मिळवून दिली आणि तह लिहून घेतला. साक्षीला दोन्हीकडचे देव. मितान्नीच्या बाजूच्या देवांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य. घोड्यांच्या तालमीवरची पाटीही मितान्नीच्याच किक्कुली या अश्वशिक्षकाची. धावपट्टीच्या फेऱ्या तो ऐका, तेरा, पंझा, सत्ता अशा मोजतो. म्हणजे हे देव आणि हे आकडे हित्तींचे नाहीत. ते जावयाच्या घरचे. हित्ती लेखनिकाने ते नेहमीप्रमाणे ज्याचे त्याच्या नावावर मांडून ठेवले.

आणि सासऱ्याने तहात घातलेली एक अट अशी: माझी मुलगी मितान्नीची राणी राहील. तुला आणखी बायका करायच्या तर कर, पण त्यांतली एकही माझ्या मुलीच्या बरोबरीने बसता कामा नये. साक्षीदार मित्र, वरुण, इंद्र, नासत्य.